एकाच गलबतातील खलाशी

पुण्याहून सोलापूरच्या वाटेने निघाले म्हणजे हडपसर मागे पडते आणि थोड्याच वेळात लोणी काळभोर येते. मुळा-मुठेचे पाणी, उसाचे मळे आणि तुकोबांच्या पालखीची वाट ही या गावाची जुनी ओळख. समुद्र येथून शंभर किलोमीटरांहून अधिक दूर, सह्याद्रीच्या पलीकडे. तरीही व्यापारी जहाजांवरील अधिकारी घडविणारी एक संस्था याच गावी आहे. आणि ज्यांनी भरती-ओहोटी कधी पाहिली नाही अशी मुलेही सुटीच्या दुपारी सतरंजीवर पट मांडून खुशाल सागरावर निघतात.

हा खेळ नव्या घाटाचा आहे. सारीपाटात समोरच्याची सोंगटी मारण्यात मौज, तर बुद्धिबळात प्रतिपक्षाचा राजा कोंडण्यात. येथे मात्र सारे खेळाडू एकाच गलबतावरचे चाचे असतात. अमेरिकेत २०२० साली निघालेला ‘फरगॉटन वॉटर्स’ हा अशा खेळांपैकीच एक. त्यात तीनपासून सातपर्यंत गडी बसतात आणि गलबतावरील कामे आपसांत वाटून घेतात. तळ फुटला अथवा खलाशांनी बंड केले, तर हार एकट्याची होत नाही, साऱ्यांचीच होते. परदेशी पेटी सर्वांना परवडते असे नाही, पण त्यावाचून अडतेही कोठे? पुठ्ठ्यावर कोकणचा किनारा रेखाटावा, खांदेरी, कुलाबा, विजयदुर्ग ही ठाणी मांडावी, चार कवड्या घ्याव्या, गलबत हाकारले!

खरी गंमत कवड्यांत नसून गोष्टीत आहे. दान पडले की ज्याची पाळी असेल त्याने पुढे काय घडले ते सांगावयाचे, आणि त्याने सांगितलेले सर्वांनी खरे मानावयाचे. वर्गात ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही असा एखादा मुलगा येथे “शीड फाटले!” एवढेच पुटपुटतो आणि सगळे गलबत त्या दोन शब्दांमागे धावू लागते. एखादा वाचाळ गडी मात्र इतरांच्या पाळ्याही आपणच बोलून टाकतो. खेळ बिघडतो तो वादळाने नव्हे, अशा गड्याने.

अशाच एका डावात तंटा उपस्थित झाला. एक मुलगी म्हणाली, “आपण कान्होजी आंग्र्यांचे लोक होऊ या.” लगेच दुसरा उसळला, “छे! कान्होजी चाचे नव्हतेच मुळी. ते सरखेल होते!” पट तसाच राहिला आणि वाद रंगला.

वाद क्षुल्लक नव्हता. छत्रपती शाहूंचे सरखेल कान्होजी यांना इंग्रजांनी आपल्या कागदोपत्री चाचा म्हटले, हे खरे. कान्होजी आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांना दस्तक देत, आणि ज्यांपाशी दस्तक नसे ती पकडीत. याच समुद्रावर त्यांच्या आधीपासून पोर्तुगीज अगदी हेच करीत आले होते. त्यांचा परवाना तो कायदा, आणि आंग्र्यांचा तो दरोडा! १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर स्वारी केली, पण त्यांना हात हलवीत परतावे लागले. हरलेल्याने जिंकणाऱ्याला नावे ठेवावी, यात नवल ते काय? १९५१ साली भारतीय नौदलाने मुंबईतील आपल्या तळाला ‘आंग्रे’ हे नाव दिले.

परंतु ज्याचा माल लुटला गेला त्या गरीब तांडेलाला सरखेल आणि चाचा यांतील भेद कितपत कळला असेल? हा प्रश्न त्या मुलांतील सर्वांत धाकट्याने विचारला. त्यावर कोणापाशी झटकन उत्तर नव्हते.

तेवढ्यात कवड्या पडल्या. खांदेरीच्या दक्षिणेस एक परके तारू दिसू लागले होते. तोफेपाशी बसलेला मुलगा बत्ती लावण्यास अधीर झाला. परंतु सुकाणू त्या मुलीच्या हाती होते.

“थांबा,” ती म्हणाली, “आधी जवळ जाऊन दस्तक विचारू.”