आधी तशखीस, मग इलाज

बी.एड.ला असताना निदानात्मक चाचणीवर प्रश्न हमखास यायचा. मूल नेमकं कुठे अडतंय ते आधी शोधा, मग उपचारात्मक अध्यापन करा. हे उत्तर मी पाठ केलं होतं. उर्दू शाळेत मराठी आणि उर्दू शिकवताना नव्या शिक्षकांना ते ऐकवतही आलो. तरी गेल्या पावसाळ्यात एका गॅरेजमध्ये मी ते साफ विसरलो आणि २,६०० रुपये मोजून आलो.

गाडी छोटी, पेट्रोलवरची, सेकंडहँड. अम्मीला दर महिन्याला मिरजेला दवाखान्यात न्यावं लागतं म्हणून घेतलेली. चढावर ती झटके खाऊ लागली. लिटरला १८ किलोमीटर द्यायची ती १४ वर आली. मधूनच इंजिनचा पिवळा दिवा लागायचा. गॅरेजमधल्या मुलाने बॉनेट उघडण्याआधीच सांगितलं, "सर, इंजेक्टरमध्ये कचरा असणार. ७०,००० किलोमीटर झालेत. फ्युएल सिस्टीम क्लीनिंग करून घ्या." मी मान डोलावली. खरं सांगायचं तर, इंजेक्टर नेमकं काय करतो हे विचारायची लाज वाटली. शिकवणाऱ्याला विचारायची लाज जरा जास्तच असते.

घरी येताना गाडी हलकी वाटली. पैसे दिले की तसं वाटतंच. चौथ्या दिवशी चढावर पुन्हा तेच झटके. मागच्या सीटवरून अम्मी म्हणाली, "बेटा, दुरुस्त किये बोले थे ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग आमच्या मोहल्ल्यातल्या मेकॅनिक चाचांकडे गेलो. गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड. मी आल्या आल्या विचारलं, "चाचा, इंजेक्टर का?" ते म्हणाले, "पहले देखना पडता सर, फिर बोलना." त्यांनी स्कॅनर लावला. दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर दिसला. म्हणजे तिथे पेट्रोल नीट पेट घेत नव्हतं. कारण प्लग असू शकतं, कॉइल असू शकते, इंजेक्टरही असू शकतो. चाचांनी दोन नंबरची इग्निशन कॉइल काढून तीनला लावली, तीनची दोनला. गाडी पुन्हा चालू केली. आता स्कॅनर तीन नंबर दाखवू लागला. कॉइल जिथे गेली तिथे दोषही गेला. मी बघतच राहिलो. बी.एड.च्या पुस्तकातली चाचणी माझ्यासमोर काळ्या हातांनी चालली होती.

कॉइल बदलली, प्लग आणि एअर फिल्टरही नवे घातले. झटके थांबले.

मग ते क्लीनिंग म्हणजे फसवणूकच का? चाचांनी तसं म्हटलं नाही. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली, तर जुन्या पेट्रोलचा चिकट थर इंजेक्टरच्या बारीक भोकांत बसतो. तेव्हा साफ करणं कामाचं. पण त्याचीही चाचणी आहे. इंजेक्टर काढून मशीनवर लावायचे, प्रत्येकातून किती पेट्रोल येतं आणि फवारा कसा पडतो ते बघायचं, साफ केल्यावर पुन्हा बघायचं. काही नव्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. तिथे इनटेक व्हॉल्व्हवर काजळी धरते, पण पेट्रोलात मिसळलेलं औषध तिथवर पोचतच नाही. ती काजळी वेगळ्या पद्धतीने काढावी लागते.

म्हणून आता मी एवढंच करतो. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेतला सर्व्हिसचा तक्ता बघतो. त्यात नसलेलं काम कुणी सुचवलं तर विचारतो, "कशावरून?" टाकी फुल करून किलोमीटर लिहून ठेवतो, पुढच्या वेळी फुल करताना भागाकार करतो. टायरमधली हवा तपासतो. गाडीला काही त्रास नसेल तर नुसते किलोमीटर झाले म्हणून क्लीनिंगला पैसे देत नाही.

पण त्या मुलावर रागावण्याआधी मला माझंच एक वाक्य आठवलं. सहावीतल्या एका मुलाची मराठी कच्ची होती. मी वही नीट न बघताच त्याच्या अम्मीला सांगितलं होतं, "क्लास लावा." त्या ब्लाउज शिवतात. महिना ५०० रुपये त्या क्लासला जात होते.

चाचांकडून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी त्याची वही मागून घेतली. 'दिवस'चं 'दवस', 'मुलगा'चं 'मलगा'. बहुतेक चुका एकाच जातीच्या. उर्दूत जेर, पेश सहसा लिहीत नाहीत, वाचणारा ते मनातच लावून घेतो. पोरगा मराठीही तशीच लिहीत होता. तो कच्चा नव्हता. दोन लिप्यांमधला हा फरक त्याला कुणी सांगितलाच नव्हता, आणि तो सांगणं माझं काम होतं.

आता शाळा सुटल्यावर आम्ही दोघं अर्धा तास बसतो. त्याच्या अम्मीला क्लास बंद करायला सांगितलं. त्यांनी विचारलं, "सर, पहले तो आपच बोले थे ना?"

"हां, बोला था," मी म्हणालो. "देखे बगैर बोला था."