उलट्या पावलांचा सराव

चांदमारीवर सगळं स्थिर असतं. पाय रोवलेले, समोर कागदी आकृती, तिच्यामागे मातीचा उंच बट, आणि हुकूम आल्याशिवाय ट्रिगरकडे बोट न्यायचं नाही. पोलिसातल्या नोकरीत मी पोरांना असंच उभं केलं. ते योग्यच होतं. रांगेतले सगळे पिस्तूल घेऊन हलायला लागले तर शेजाऱ्याचाच जीव जायचा.

पण कोयता घेऊन धावत येणारा माणूस कागदासारखा थांबत नाही. सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातले डेनिस ट्युलर यांनी घड्याळ लावून हे पाहिलं आणि १९८३ मध्ये लिहिलं: २१ फुटांवरून सुरा घेऊन निघालेला माणूस दीडेक सेकंदात अंगावर येतो. कमरेचं हत्यार काढून नेम धरायला सरावलेल्या हातालाही साधारण तेवढाच वेळ लागतो. जागेवर उभं राहिलात तर सामना बरोबरीत सुटतो, आणि इथल्या बरोबरीत दोघेही आडवे होतात.

म्हणून निवृत्तीनंतर पिंपळनेरला आल्यावर मी पायांच्या मागे लागलो. शेतात गोळी झाडायची नाही, त्याला परवान्याची चांदमारीच हवी. रिकामं रिव्हॉल्व्हर घेऊन बांधावर फिरणंही बरं दिसत नाही. सुताराकडून बाभळीचा एक नमुना करून घेतला. तो हातात धरून पांझरेकाठच्या, कांदा निघालेल्या वावरात मागे मागे चालतो. शेजारी पहिल्यांदा ओरडलाच, ‘‘नाना, उलटं कसाले चाली राह्यनात?’’

चांगला सराव होतो तो अशाच वावरात. ढेकळं असतात, अर्धवट मोडलेल्या सऱ्या असतात, ठिबकची एखादी विसरलेली नळी असते. मागे जाताना आधी चवडा टेकवून जमीन चाचपायची, मग टाच. पावलं लहान, गुडघे सैल, एका पायामागून दुसरा पाय आडवा न्यायचा नाही. कंबरेखालचं सगळं चालतं आणि कंबरेवरचं जागच्या जागी राहतं. डोक्यावर भरलेला हंडा घेऊन नदीची दरड उतरणाऱ्या बाईची चाल आठवा. मागे पडणाऱ्याचे हात आपोआप वर उडतात आणि मूठ आवळली जाते. अशा वेळी बोट ट्रिगरवर असेल तर गोळी कुठे जाईल ते सांगता येत नाही. नेम धरून झाडायचं ठरेपर्यंत बोट बाहेर, सरळ, हा नियम चालताना दुपटीने पाळायचा.

सरळ मागे मात्र जायचं नाही. पुढे धावणाऱ्याशी मागे चालणाऱ्याने शर्यत लावण्यात अर्थ नाही. तिरकं निघायचं, त्याच्या धावेची रेघ सोडून. त्याला वळावं लागतं, आणि त्या वळण्यात आपल्याला जो क्षण मिळतो तेवढीच आपली कमाई. मधे ट्रॅक्टर किंवा पिकअप घालता आली तर त्याहून बरं. चालता चालता गोळ्या झाडणारा नायक सिनेमात शोभतो. माझं मत विचाराल तर चारपाच पावलांपलीकडे अंतर असेल तेव्हा आधी सरका, आडोसा धरा, मग काय ते करा. अगदी अंगावर आलाय तेव्हाच दोन्ही एकदम.

आणि तेव्हाही कानपूरच्या बत्तीस बोअर रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर सोपा नाही. घोडा न चढवता ओढायचा तर तो लांब आणि जड. पाऊल आपटलं की नळी खाली डुलते. घरात, राउंड दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून, चेंबर दोनदा तपासून, जाड भिंतीकडे तोंड करून मी तेवढंच घोकतो: नळीच्या टोकाची माशी डुलणारच, तिला गोठवायला जायचं नाही, छातीएवढ्या जागेत डुलत राहिली तरी ओढ सलग ठेवायची. सहाच राउंड असतात.

इथले एक कांदा व्यापारी शिकायला येतात. रोकड घेऊन रात्री शेलबारीच्या घाटातून ताहराबादकडे जावं लागतं, म्हणून परवाना काढलाय. त्यांचा पहिला प्रश्न, ‘‘नाना, कायद्यात किती पावलं मागे सरायचं लिहिलंय?’’ म्हटलं, शेठ, एकही नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची आहेत, त्यांत पावलांची गिनती नाही. पण कलम ३७ म्हणतं की बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. तुम्ही मागे सरलात आणि तो तरी आलाच, हे जागेवरून दिसलं तर तुमच्या जबाबाला वजन येतं. त्याने कोयता टाकला किंवा पाठ फिरवली की तुमचा हक्कही तिथेच संपला, बोट बाहेर.

शेठना हे पटलंय. घरामागच्या खळ्यात रोज सकाळी तिरके मागे चालतात, गुडघेही आता वाकतात. फक्त हमाल यायच्या आत उरकतात. मालक मागे सरकताना दिसला तर मार्केट यार्डात भाव पाडून मागायला लागतील, असं त्यांचं म्हणणं.