डोळ्यांवरचा डबा

बंगलोर म्हणजे आमच्या भाषेत पीस स्टेशन. क्वार्टर मिळाल्यावर गुडघ्यांच्या इलाजासाठी आबांना साताऱ्याहून आणलं. आबा जुने फौजी. लडाखमध्ये दोन हिवाळे काढलेले. ते डोंगर एकदा परत बघायचेत, हा त्यांचा धोशा. पण हृदयामुळे डॉक्टरांनी उंचीवर जायला साफ मनाई केली.

पुतण्या व्हाइटफील्डला सॉफ्टवेअरमध्ये आहे. म्हणाला, "काका, आबांना हेडसेटमधून लडाख दाखवू. आवडलं तर तुम्हीही घ्या." त्याला कॅमेरे असतात, ती वस्तू युनिटच्या आवारात नको, म्हणून रविवारी आम्हीच त्याच्याकडे गेलो.

त्याच्याकडे तीन नमुने होते. पहिला गूगलचा पुठ्ठ्याचा कार्डबोर्ड, २०१४ सालचा. दुसरा जिओडाइव्ह, २०२३ च्या आयपीएलच्या वेळी १,२९९ रुपयांना निघालेला. दोन्हींत आपलाच मोबाइल खुपसायचा. मान वळवली की चित्र वळतं, एवढंच. तिसरा मेटाचा क्वेस्ट ३, मित्राने अमेरिकेहून आणलेला. तिथे २०२३ मध्ये निघाला तेव्हा ४९९ डॉलर, म्हणजे आपले चाळीस हजारांच्या वर. चित्र मात्र लख्ख.

वजन ५१५ ग्रॅम, आणि ते बहुतेक सगळं तोंडावर. हेल्मेटला नाइट व्हिजन लावून ज्याने रात्र काढलीय, त्याला अर्धा किलो पुढे लटकणं म्हणजे काय ते सांगायला नको. आम्ही मागच्या बाजूला वजन बांधून तोल साधायचो. अ‍ॅपलच्या व्हिजन प्रोची बॅटरी तर वायरीने खिशात ठेवायची, तरी तो सहाशे ग्रॅमच्या वर, आणि किंमत ३,४९९ डॉलर! एवढे पैसे मोजून मान कोण दुखवून घेणार?

आबांचा चष्मा आत बसवताना पाच मिनिटं गेली. मग ते एकदम गप्प झाले. हळूहळू मान फिरवली. खुर्चीतून उठले आणि काठी न घेताच एक पाऊल पुढे टाकलं. मी दंड धरला.

"आरं, डोंगर जवळ येत न्हाई."

येणार कसा? चित्रीकरणाच्या वेळी कॅमेरा जिथे होता, तिथेच आपण. पाय म्हणतात चाललो, डोळे म्हणतात जागेवरच. त्यानेच बऱ्याच जणांना मळमळतं. आबांना नाही मळमळलं. त्यांनी हात पुढे करून चाचपलं.

"तू कुठं हाईस? दिसत न्हाईस मला."

"इथंच आहे आबा, हात धरलाय तुमचा."

"मंग मी दावू कुणाला?"

दोन मिनिटांत त्यांनी डबा काढून ठेवला. पुतण्याने तो स्वतःच्या डोळ्यांवर चढवला आणि तेच चित्र टीव्हीवर लावलं. आबा सोफ्यावर बसले, काठी उचलली.

"ह्यो नाला बघ. असल्याच नाल्यात आमचा लंगर व्हता. पोरा, मान डावीकडं कर."

पुतण्या बिचारा तासभर मान फिरवत होता. सूनबाईंचा चहा दोनदा झाला. हेडसेट काही मी घेतला नाही. आबांनी मात्र येताना रिक्षातच विचारलं, पुढच्या रविवारी पोरगा घरी असतो का.