डोळ्यांना दिसते, पण सापडत नाही!

तुम्ही कधी धाकट्या भावाला विनाकारण थप्पड मारली आहे का? मी मारली आहे. आणि तीही एका फाइलच्या आडनावापायी!

गोष्ट 2001 सालच्या मे महिन्यातली. सोलापूरचा मे महिना म्हणजे काय ते सोलापूरकरांना सांगायला नको. दुपारी फरशीवर पाणी शिंपडून झोपायचं आणि संध्याकाळची वाट बघायची. माझी बारावीची परीक्षा झाली होती आणि मी ‘जावा’ ही संगणकाची भाषा शिकायला क्लासला जात होतो. आमचे अण्णा चादरीच्या कारखान्यात मागावर होते. पतपेढीचं कर्ज काढून त्यांनी एक जुना संगणक घरी आणला होता. त्यावर विंडोज 98 होतं. सातवीतला माझा भाऊ त्यावर ‘डेव्ह’ नावाचा गेम खेळायचा आणि मी ‘अभ्यास’ करायचो.

अण्णांना दाखवायला मी एक प्रोग्राम लिहायला घेतला. पडद्यावर चांदण्यांच्या खुणांनी चादरीवरचा मोर उमटवायचा! नोटपॅडमध्ये सगळं टाइप केलं आणि फाइलला नाव दिलं, चादर.जावा. (अर्थात इंग्रजी अक्षरांत.) मग काळ्या पडद्यावर जाऊन हुकूम सोडला. उत्तर आलं, चादर.जावा ही फाइल वाचता येत नाही.

असं कसं? फोल्डर उघडला. चादर.जावा समोर ठळक दिसत होती. पुन्हा हुकूम सोडला, पुन्हा तेच. फाइल पुसली, सगळा मोर परत टाइप केला. तरी तेच! तिसऱ्यांदा टाइप करताना घामाने बोटं कळफलकावरून घसरायला लागली होती. तेवढ्यात भाऊ मागे येऊन म्हणाला, “दादा, झालं का? मला खेळायचंय.”

“तूच काहीतरी बिघडवलंस,” मी ओरडलो आणि दिली एक ठेवून. तो रडला नाही. चप्पल न घालताच तापलेल्या गच्चीवर गेला आणि टाकीच्या सावलीत बसून राहिला.

आता जरा थांबा, भानगड काय होती ते सांगतो. प्रत्येक फाइलला नाव असतं आणि टिंबानंतर एक आडनाव असतं. त्याला म्हणतात एक्स्टेन्शन. फाइल कुठल्या घराण्यातली, ती कोणत्या प्रोग्रामने उघडायची, हे विंडोज त्यावरून ठरवतं. जुन्या डॉसमध्ये नावाला आठ आणि आडनावाला तीन अक्षरं, असा नियम होता आणि दोन्ही समोर दिसायची. 1995 मध्ये विंडोज 95 आलं आणि ओळखीची आडनावं पडद्यावरून लपली. दिसायला सुटसुटीत! शेजारचं छोटं चित्र बघून फाइल ओळखायची. पण नोटपॅड हा साध्या मजकुराचा प्रोग्राम. जावा हे आडनाव माझ्या संगणकाच्या ओळखीचं नव्हतं, म्हणून नोटपॅडने मला न विचारता मागे स्वतःचं आडनाव चिकटवलं होतं. फाइलचं खरं नाव होतं चादर.जावा.टीएक्सटी. शेवटचं टीएक्सटी विंडोजने झाकलं आणि मला दिसली नुसती चादर.जावा. आडनाव ठरतं ते शेवटच्या टिंबावरून, मधलं कितीही खरं वाटो.

हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं! संध्याकाळी अण्णा आले. घरात कोणी बोलेना, तेव्हा त्यांना कळायचं ते कळलं. त्यांनी भावाला खाली बोलावलं. तो आला, पडद्याकडे बघत उभा राहिला आणि पडलेल्या आवाजात म्हणाला, “डिर मारून बघ की.”

गेम सुरू करायला तो रोज काळ्या पडद्यावर जायचा. तिथे ‘डिर’ टाइप केलं की फोल्डरमधल्या फाइलींची यादी येते, हे त्याला पाठ होतं. मी टाइप केलं. आणि काळा पडदा काही झाकत नाही! ओळीच्या टोकाला लिहिलेलं होतं, चादर.जावा.टीएक्सटी.

अण्णांना मी समजावून सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे आमच्या कार्डांच्या माळेसारखंच की.” जॅकार्डच्या मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते आणि कुठला धागा उचलायचा ते भोकं ठरवतात. फ्रान्सच्या जॅकार्डने 1804 च्या सुमारास हा माग तयार केला. “माग भोकं वाचतो,” अण्णा म्हणाले, “पण माळ चढवणारा माणूस चिठ्ठी वाचतो. चिठ्ठी चुकली तर मोराच्या जागी भलतंच यायचं.” तेव्हा हेही लक्षात ठेवा. चिठ्ठी बदलली म्हणून भोकं बदलत नाहीत. फोटोच्या फाइलला टीएक्सटी आडनाव दिलं तर तिचा निबंध होत नाही!

तुमच्यावर ही पाळी आली तर काय कराल? विंडोज 11 असेल तर फोल्डर उघडून वरच्या ‘व्ह्यू’वर जा, मग ‘शो’ आणि त्यात ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा. विंडोज 10 मध्ये ही खूण ‘व्ह्यू’मध्येच सापडते. आता खरं नाव दिसेल. ‘रीनेम’ करून मागचं टीएक्सटी खोडा. संगणक घाबरवेल, फाइल निकामी होईल म्हणेल. आपण काय करतोय ते ठाऊक असेल तर ‘येस’ म्हणा. आणि नोटपॅडमध्ये साठवतानाच खालच्या ‘सेव्ह ॲज टाइप’मध्ये ‘ऑल फाइल्स’ निवडा, नाहीतर नाव दुहेरी अवतरणचिन्हांत लिहा. मग नोटपॅड शेपूट जोडत नाही.

ही खूण मी प्रत्येक संगणकावर आधी करतो, आणि ती नुसत्या प्रोग्रामसाठी नव्हे. मे 2000 मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाचा व्हायरस ईमेलमधून जगभर पसरला. सोबतच्या फाइलच्या नावात टीएक्सटी दिसायचं. लोकांना वाटलं, साधं पत्र आहे. झाकलेलं खरं आडनाव होतं व्हीबीएस, म्हणजे चालणारा प्रोग्राम! पत्र उघडलं की तो आपलं काम सुरू करायचा.

त्या रात्री नाव दुरुस्त करून हुकूम सोडला, तर दोन ठिकाणी अर्धविराम राहिल्याचं कळलं. पण ती खरीखुरी चूक होती, तिचा आनंदच झाला! नऊच्या सुमारास मोर उमटला. मान जरा वाकडी होती. अण्णा चष्मा लावून बघत राहिले. भावाला मी ‘चुकलो’ म्हणालो नाही. संगणक मात्र आठवडाभर त्याला देऊन टाकला, आणि त्याने तो मुकाट्याने घेतला.

गेल्या दिवाळीत त्याच्या मुलीचा फोन आला. “काका, मी जावाची फाइल सेव्ह केली. ती दिसते, पण सापडत नाही म्हणतोय!”

“तुझ्या बाबाला विचार,” मी म्हटलं.

“विचारलं. ते नुसते गाल चोळून हसताहेत. म्हणाले, काकालाच विचार.”