पडताळणीच्या दारात अडकलेला र

वकिलीच्या सव्वीस वर्षांत आमच्या कपाटांत मराठी कागदांचा ढीग साचला आहे. शाळांच्या प्रवेशनोंदींच्या नकला, जमिनीचे उतारे, पंचायतींचे ठराव. ज्या पक्षकारांनी ते दिले त्यांतील कित्येक आज हयात नाहीत. या नोंदी संगणकावर नीट लावून ठेवाव्यात, सीमेच्या अलीकडील-पलीकडील कोणासही शोधता याव्यात, म्हणून आम्ही गेल्या वर्षी एक लहानसा एपीआय सर्व्हर उभारला. संगणकशास्त्र शिकलेला आमचा भाचा मदतीस होता. नोड-जेएसवर चालणारी फास्टिफाय ही चौकट त्यानेच निवडली. आलेली प्रत्येक नोंद ठरवून दिलेल्या नमुन्याबरहुकूम आहे की नाही, हे त्यात एजेव्ही नावाचा पडताळक तपासतो; नसेल तर ४०० क्रमांकाचे उत्तर देऊन नोंद परत पाठवितो. न्यायालयाच्या दाखल-शाखेतील कारकुनाचेच हे काम, असे आम्हांस वाटले व आम्ही निर्धास्त झालो.

नावाच्या रकान्यात केवळ अक्षरे असावीत, असा नियम आम्ही प्रथम घातला. पहिलेच नाव परत आले. युनिकोडच्या वर्गवारीत काना, वेलांटी आणि हलन्त ही अक्षरे नव्हेत, जोडचिन्हे होत. इंग्रजी नावांसाठी पुरेसा असलेला नियम मराठीतील जवळजवळ प्रत्येक नावास नापास करतो. मग ‘देवनागरी लिपीतील काहीही’ असा नियम केला. नावे भराभर जाऊ लागली. ‘कुऱ्हाडे’ मात्र अडले.

“मामा, सर्व्हर नाही म्हणतोय म्हणजे तुमच्या टंकनातच काहीतरी गफलत आहे,” भाचा म्हणाला.

गफलत टंकनात नव्हती. मराठीत र अर्धा होतो तो दोन रीतींनी. ‘दर्या’तला र रफार होऊन डोक्यावर चढतो; ‘दऱ्या’तला र आडवा होऊन शेजारी उभा राहतो. पहिला समुद्र, दुसऱ्या डोंगरांमधल्या. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांत गुरू आणि स्वयंपाकी यांचे अंतर आहे. हा आडवा र संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो: एक, नुक्तायुक्त ‘ऱ’ला हलन्त देऊन, दोन, साध्या र-हलन्तापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. ते अदृश्य चिन्ह युनिकोडने कोणत्याही एका लिपीच्या नावे मांडलेले नाही. आमच्या पक्षकाराचे नाव दुसऱ्या रीतीने टंकिले होते. लिपीचा दाखला नसलेले ते चिन्ह आमच्याच नियमाने दारात अडविले. ते काढून टाकले की नाव बिनबोभाट आत जाते, पण ‘कुर्हाडे’ होऊन. अशा एका रफाराच्या फरकावरून वारसाचे नाव जुळत नाही म्हणून प्रतिज्ञापत्रे करावी लागलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

नियमात ते चिन्ह आणि त्याचे विलग करणारे भावंड, दोन्ही घातली. तरी पेच राहिलाच. दोन रीतींनी लिहिलेले तेच आडनाव डोळ्यांस एकच दिसते, यंत्रास दोन. युनिकोडचे प्रमाणीकरणही त्यांना एक करीत नाही. ‘ॲ’चेही तसेच: त्यास स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली, त्याआधीचे लेखन अ-वर चंद्र ठेवून केलेले. भाचा म्हणाला, पडताळणीपूर्वीच सारे एका रूपात बदलून टाकू. आम्ही नकार दिला. नक्कल करणाऱ्याने मूळ सुधारायचे नसते. अखेर मूळ पाठ जसाच्या तसा एका रकान्यात, आणि शोधासाठी एकरूप केलेला पाठ दुसऱ्या रकान्यात, अशी तडजोड ठरली.

याच कारणाने गावांची ठरीव यादीही आम्ही रद्द केली. यादीत ‘बेळगावी’ होते, म्हणजे १ नोव्हेंबर २०१४ पासूनचे अधिकृत नाव. १९५०च्या दशकातील कागद ‘बेळगांव’ म्हणतात, आणि तो अनुस्वारही १९६२च्या लेखननियमांपूर्वीचा. दोन्ही राहू द्यावेत.

खरी चूक मात्र आमची होती, आणि ती उशिरा कळली. नमुन्यात नसलेले रकाने चालणार नाहीत, असे आम्ही लिहिले होते. परंतु फास्टिफायच्या मूळ मांडणीत पडताळक असा जादा रकाना नाकारीत नाही; तो मुकाट्याने गाळतो आणि नोंद स्वीकारतो. आम्ही मध्येच ‘शेरा’ हा रकाना भरू लागलो होतो, नमुन्यात घालावयास विसरलो. सत्तेचाळीस नोंदींचे समासातील शेरे असे गेले. त्यांतील काही मोडीत होते, एका वृद्ध गुरुजींकडून वाचून घेतलेले. गुरुजी मार्गशीर्षात वारले.

आता गाळण्याची आणि आपोआप प्रकार बदलण्याची, अशा दोन्ही सवयी बंद केल्या आहेत. एजेव्ही-एरर्स हे प्लगइन जोडले आहे. त्यासाठी सर्व चुका एकदम दाखविण्याचा पर्याय चालू ठेवावा लागतो. उघड्या जाळ्यावर तो पर्याय सर्व्हरवर विनाकारण भार आणू शकतो, म्हणून नोंद घालण्याचे दार आम्ही ओळखीच्यांपुरतेच ठेवले आहे. नोंद नाकारली की उत्तर मराठीत येते: ‘शेरा हा रकाना नमुन्यात नाही, नोंद घेतलेली नाही.’

मूळ कागद आमच्याकडे आहेत. मोडी वाचणारे दुसरे कोणी निपाणीकडे आहेत असे कळले आहे. रविवारी आम्ही तिकडे जाणार आहोत.