पाठंगुळीचं देणं

माझे आजोबा मार्च १९४१मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरातून परत आले नसते, तर आमच्या घराचा वंश तिथेच खुंटला असता. ते जगले चिपळूणकडच्या एका शिपायामुळे. आम्ही त्यांना कोकणातले आजोबा म्हणत आलो.

दोघंही मराठा पलटणीच्या तिसऱ्या बटालियनचे. केरेनला जायचा रस्ता डोंगोलासच्या खिंडीतून, आणि दोन्ही अंगांच्या उंच डोंगरांवर इटालियन फौज दबा धरून बसलेली. १५ मार्चच्या हल्ल्यात या बटालियनने ‘पिनॅकल’ नावाची टेकडी घेतली. शिवाजी महाराजांच्या जयजयकाराची पलटणीची गर्जना याच मोहिमेतली, असं पलटणीत अभिमानाने सांगतात. आजोबा मात्र तहानेबद्दलच जास्त बोलत. पाणी आणि दारूगोळा माणसांनीच वर वाहायचा, जखमींनाही माणसांनीच खाली आणायचं.

आजोबांच्या मांडीत हातगोळ्याचा तुकडा घुसला. कोकणातल्या आजोबांनी स्वतःच्या पायांच्या पट्ट्या सोडून मांडी करकचून बांधली, त्यांना पाठंगुळीला घेतलं आणि काळोखात, निसटत्या दगडांवरून, बसत-घसरत खाली आणलं. आजोबांची शुद्ध हरपायला लागली की कोकणातले आजोबा विचारायचे, ‘‘उसाला पाणी कोण देतंय रं तुझ्या?’’ उत्तर मिळेपर्यंत विचारत राहायचे. मांडीवरचा तो खळगा मी लहानपणी बोटांनी चाचपला आहे. माझी मूठ त्यात मावायची.

याच बटालियनचे नाईक यशवंत घाडगे १९४४मध्ये इटलीत धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि तो मान त्यांचाच होता. कोकणातल्या आजोबांचं नाव मात्र कुठल्या पुस्तकात नाही. लढाईपुरती भरती, लढाई संपल्यावर डिस्चार्ज, पेन्शन नाही. घरी येऊन त्यांनी भातशेती धरली. त्यांना ना नाव मिळालं ना पेन्शन, याचं मला आजही वाईट वाटतं.

आजोबांनी त्यांना विहिरीलगतचा जमिनीचा तुकडा देऊ केला. ते म्हणाले, ‘‘जमीन ठेव. पोरांना शिकव.’’ म्हणून माझे वडील कराडला बोर्डिंगात राहिले आणि पुढे मास्तर झाले. मी चार अक्षरं लिहितो तीही त्यामुळेच.

गुऱ्हाळं संपली की आमच्याकडून कुंभार्ली घाटाने गुळाची ढेप खाली कोकणातल्या आजोबांच्या घरी जाते. आता ती मी नेतो. त्यांची सून ढेप उतरवून घेते आणि नव्या तांदळाचं पोतं आधी गाडीत ठेवते, मग चहा टाकते.