पाच घरची भाकरी

माझा भाचा गेल्या वर्षी जपानला जाऊन आला. क्योतोत तो एक रात्र 'र्‍योरी र्‍योकान'मध्ये राहिला. र्‍योकान म्हणजे जुन्या पद्धतीचे मुक्कामाचे घर आणि र्‍योरी म्हणजे स्वयंपाक. मोजक्या खोल्या, जमिनीवर चटया, आणि माणूस तिथे येतो तो झोपण्यासाठी नव्हे, जेवणासाठी. एक रात्र आणि दोन जेवणे मिळून एकच दर. काय वाढायचे ते ऋतू बघून आचारी ठरवतो. एकेक लहान बशी येत राहते आणि भात येतो सगळ्यात शेवटी. या जेवणाला 'काइसेकी' म्हणतात. शब्दाचा अर्थ 'उराशी धरलेला दगड'. उपाशी झेन भिक्षू भूक मारायला तापवलेला दगड पोटाशी धरत, त्यावरून हे नाव आले असे सांगतात.

"मामा, आपल्याकडे आहे का असं काही?" त्याने विचारले.

मला गाणगापूर आठवले.

गाणगापूरची ओळख गोव्यातल्या वाचकांना करून द्यायला नको. भीमा-अमरजा संगमाजवळचे हे गाव. पंधराव्या शतकात नृसिंह सरस्वतींचे वास्तव्य इथे होते. निर्गुण पादुका इथल्याच, आणि गुरुचरित्रात बेदरचा बादशहा आपला फोड घेऊन आला तोही इथेच.

मी गेलो 2012 च्या जानेवारीत. तेव्हा जिल्ह्याचे नाव गुलबर्गा होते, 2014 साली ते कलबुर्गी झाले. सोलापूरहून रेल्वेने गाणगापूर रोड आणि तिथून वीसेक किलोमीटर. एका पुजाऱ्यांच्या घरी उतरलो. इथे पुजाऱ्यांची घरे हीच यात्रेकरूंची उतरायची जागा. खोली आणि जेवण यांचे मिळून काय ते द्यायचे. पदार्थ निवडायची सोय नाही.

जाण्याचे कारण बाबा. लहानपणी मला विषमज्वर झाला तेव्हा त्यांनी गाणगापूरला पाच घरी माधुकरी मागण्याचा नवस बोलला होता. ताप उतरला, नवस मात्र राहिला. बाबा शाळामास्तर. शेजाऱ्याकडे कधी वाटीभर साखर मागितली नाही, ते लोकांच्या दारात झोळी घेऊन कसे उभे राहणार? "पुढच्या वर्षी बघू" म्हणता म्हणता चाळीस वर्षे गेली, मग बाबाही गेले. नवस माझ्याकडे आला.

रात्री काकूंनी पान वाढले. चुलीवरून उतरलेली ज्वारीची भाकरी, कागदासारखी पातळ. तेल सुटलेली भरली वांगी, पुंडीपल्ले म्हणजे आपली अंबाडी, शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी, वर दही. कांदा-लसूण नाही. तुरीचे वरणही होते. या भागातल्या तुरीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण चव काही त्या कागदाची वाट बघत थांबली नव्हती. आम्हां गोंयकारांचे पान शितापासून सुरू होते. इथे मी भाताची वाट बघत बसलो आणि तो आला शेवटी, अगदी जपानसारखा! "ऊटा माड्री," म्हणजे जेवा जेवा, असे म्हणत काकू चौथी भाकरी वाढून गेल्या. गुरुचरित्राच्या अडतिसाव्या अध्यायात भास्कर ब्राह्मणाने आणलेल्या तिघांपुरत्या शिध्यात चार हजार जेवतात. काकूंच्या परातीकडे बघून ते मला फारसे अशक्य वाटेना.

झोपताना मी त्यांना उद्याच्या दुपारच्या जेवणाचे विचारले.

"दुपारी मी वाढत नाही," काकू म्हणाल्या. "माधुकरी मागायला आलात ना? मग दुपारचं जेवण झोळीतलं."

दुसऱ्या दिवशी संगमावर स्नान केले, मठात दर्शन घेतले आणि दुपारी झोळी खांद्याला लावली. पहिल्या दारात तोंडातून शब्दच फुटेना. वयाच्या पन्नाशीतला बँकेतला माणूस, खिशात परतीचे तिकीट, आणि 'भवति भिक्षां देहि' म्हणायचे! तसाच उभा राहिलो. आतून एक बाई आली, अर्धी भाकरी आणि चिमूटभर चटणी झोळीत घातली आणि नमस्कार केला. मला! मी दोन पावले मागे सरलो.

मग लक्षात आले. माध्यान्हीला प्रत्यक्ष दत्तमहाराज भिक्षेला येतात आणि कोणत्या रूपात येतील ते सांगता येत नाही, अशी इथली श्रद्धा. म्हणून दारातल्या माणसाला नाव, गाव, जात कुणी विचारत नाही. देणाराच हात जोडतो.

पाचव्या दारापर्यंत माझा आवाज नीट निघू लागला होता.

परतल्यावर काकूंनी पाण्याचा तांब्या तेवढा ठेवला. झोळीत पाच प्रकारच्या भाकऱ्या, एक पोळीचा तुकडा, गार झालेली आमटी. एक घास गायीला काढून ठेवला आणि जेवलो. आदल्या रात्रीचे जेवण कितीतरी चविष्ट होते, हे खरे. पण बाबा ज्याला चाळीस वर्षे घाबरले, ते हेच एवढेच होते. त्यांना कुणी आधी सांगायला हवे होते.

भाच्याला एवढे सगळे सांगितले. मग म्हटले, "पुढच्या जानेवारीत चल. रात्रीचं जेवण तुझ्या जपानच्या तोडीचं मिळेल, पैसे देऊन. दुपारचं मात्र मागावं लागेल."

तो अजून हो म्हणालेला नाही.